रखवालदारानं लावलेलं दार

आमच्या बाल्कनीतून कोलशेतची खाडी दिसते असं माहितीपत्रकात छापलं होतं. प्रत्यक्षात समोरच्या दोन टॉवरांच्या फटीतून तिची एक चकाकती रेघ दिसते, तीही भरतीला. या फ्लॅटचा शेवटचा हप्ता भरायच्या वेळी माझ्या बाबांना शेअरबाजाराच्या नियामकानं चौदा दिवस कोंडून ठेवलं होतं. 'कोंडून' हा शब्द मी विचार करून वापरते आहे.

गोष्ट साधी आहे. बाबा वागळे इस्टेटमध्ये एका छोट्या कारखान्यात खरेदी विभाग सांभाळायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी एका लहान इंजिनिअरिंग कंपनीचे ३,२०० शेअर घेतले, सरासरी ५८ रुपयांनी. कुणाच्या टिपवर नाही. त्या कंपनीचा माल त्यांनी वीस वर्षं हाताळला होता, तिचा मालक उधारी वेळेवर फेडतो हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांच्या दृष्टीनं ताळेबंदापेक्षा ही माहिती मोठी होती. शेअर तीन वर्षं निपचित पडून राहिला आणि मग अचानक पळाला. २१२ झाला. त्याच सुमारास बिल्डरचं ताबा देण्याआधीचं शेवटचं मागणीपत्र आलं. बाबा म्हणाले, "अगं, कर्ज कशाला वाढवायचं? शेअर काढतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ॲपवर त्या शेअरच्या नावापुढे एक लहानसं चिन्ह आलेलं होतं. कंपनी 'एन्हान्स्ड सर्व्हेलन्स मेजर' नावाच्या यादीत गेली होती. आधी एका दिवसात २० टक्के वर-खाली व्हायची मुभा होती, ती ५ टक्क्यांवर आली. शिवाय 'ट्रेड टू ट्रेड': आज घेतलेला शेअर आजच विकता येणार नाही, प्रत्येक सौद्याची डिलिव्हरी घ्यायची. बाजार उघडला आणि शेअर थेट २०१ रुपये ४० पैशांवर जाऊन बसला. लोअर सर्किट. विकणाऱ्यांची रांग हजारोंची, घेणारा शून्य. दुसऱ्या दिवशी १९१. तिसऱ्या दिवशी १८१. बाबा सकाळी पावणेनऊला मोबाइल घेऊन बसायचे, रेल्वेच्या तत्काळ तिकिटासाठी बसतात तसे. अकराव्या दिवशी त्यांचे ३०० शेअर १२० च्या आसपास गेले. चौदाव्या दिवशी बाकीचे १०३ ला. हातात आले तीन लाख छत्तीस हजार. यादी लागली त्या सकाळी त्याच शेअरांची किंमत पावणेसात लाख दाखवत होती.

आता कुणी म्हणेल, ५८ चे १०३ झाले, रडता कशाला? बरोबर आहे. बाबांना नफाच झाला. आणि २१२ मधला बराचसा भाग हवा होती, हेही मी मान्य करते. ती हवा भरणारा कुणीतरी कुठेतरी बसला असणार. २१२ मिळायलाच हवे होते असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं वेगळं आहे: पहिल्याच दिवशी १५० ला घ्यायला कुणी तयार असता आणि १५० ला द्यायला बाबा तयार होतेच, तरी तो सौदा करायला त्या दिवशी बंदी होती. किमान भाव २०१.४० असा नियमानं ठरवलेला. त्या भावाला गिऱ्हाईक नाही. ज्या भावाला गिऱ्हाईक आहे, त्या भावाला विकणं बेकायदा. याला सेबी 'गुंतवणूकदाराचं संरक्षण' म्हणते.

हे जरा कोलशेतच्या भाषेत सांगते. इथे दर दुसरा माणूस फ्लॅट घेतो आहे, विकतो आहे किंवा साइट व्हिजिटला आलेल्या मेहुण्याला चहा पाजतो आहे. समजा, उद्या सरकारनं फर्मान काढलं: कोलशेत रोडवर भाव फार वेगानं चढलेत, सबब या भागातला फ्लॅट कालच्या भावाच्या ५ टक्क्यांपेक्षा कमी किमतीला विकता येणार नाही, आणि जास्तीलाही नाही. भाव पडणार हे सगळ्यांना दिसतंय. मग आज कोण घेईल? उद्या आणखी ५ टक्के स्वस्त, परवा आणखी. प्रत्येक जण थांबेल. ज्याला मुलीच्या फीसाठी, बायपाससाठी, गावच्या भावकीच्या वाटणीसाठी आज पैसे हवेत, तो दारात उभा राहील. असं फर्मान निघालं तर ठाण्यात रास्ता रोको होईल. महारेरा २०१७ पासून आहे, तिनं बिल्डरला नाकी नऊ आणले की नाही हा वेगळा वाद, पण तुमच्या फ्लॅटचा भाव वाढला म्हणून तुमच्याच दाराला कुलूप लावायचं तिच्याही डोक्यात आलेलं नाही.

स्मॉल-कॅप शेअरबाबत मात्र हे रोज चालतं आणि कुणी हूं की चूं करत नाही.

थोडं मागे जाऊ. बाजार पातळ असणं हा लहान कंपन्यांचा जन्मजात आजार आहे, तो सेबीनं दिलेला नाही. कंपनीचं एकूण मोल २०० कोटी धरा. प्रवर्तकाकडे नियमानं चालणारे कमाल ७५ टक्के. उरले ५० कोटींचे शेअर. त्यातले निम्मे मालकाच्या मित्रांकडे, जुन्या पुरवठादारांकडे, पेटीत कागदी प्रमाणपत्रं विसरून गेलेल्या आजोबांकडे. रोज हातोहात फिरतात ते काही लाखांचे. अशा डबक्यात एक म्हैस उतरली तरी पाणी काठाबाहेर जातं. म्हणून भाव उडतो, म्हणून भाव कोसळतो, आणि म्हणूनच ऑपरेटरला असली डबकी आवडतात. जुलै २०२२ मध्ये साधना ब्रॉडकास्ट नावाच्या कंपनीबद्दल यूट्यूबवर खोट्या बातम्यांचे व्हिडिओ फिरवले गेले, लोकांनी उड्या घेतल्या आणि तेवढ्यात जाणत्यांनी माल काढला. सेबीचा अंतरिम आदेश आला मार्च २०२३ मध्ये. तेव्हा धोका खरा आहे. रखवालदार नकोच, असं म्हणणाऱ्यांतली मी नाही.

पण आजार पातळपणाचा असेल तर औषध बाजार दाट करणारं हवं. आपल्याकडे दिलेली बहुतेक औषधं तो आणखी पातळ करणारी आहेत. ट्रेड टू ट्रेड घ्या. दिवसभरात घेऊन-विकून दोन रुपये कमावणारा जो सटोडिया असतो (त्याला आपण फार वाईट बोलतो), तोच पातळ शेअरमध्ये अडल्यानडल्याचं गिऱ्हाईक असतो. त्याला हाकललंत. मग आता घेणार कोण? दीर्घकालीन गुंतवणूकदार? तो तर ॲपवरचं इशाऱ्याचं चिन्ह बघूनच पळाला.

याद्यांचा इतिहासही बघण्यासारखा आहे. एप्रिल २०१३ मध्ये कमी उलाढालीच्या शेअरसाठी 'पिरिऑडिक कॉल ऑक्शन' आलं, म्हणजे सलग बाजाराऐवजी तासातासाचे लिलाव. ज्या शेअरमध्ये व्यवहार कमी, त्यात व्यवहार करणं आणखी कटकटीचं करायचं. ओरड झाली आणि निकष सैल करावे लागले. फेब्रुवारी २०१७ मध्ये 'ग्रेडेड सर्व्हेलन्स', मार्च २०१८ मध्ये 'ॲडिशनल सर्व्हेलन्स', जून २०२३ मध्ये ५०० कोटींपेक्षा कमी बाजारमूल्याच्या कंपन्यांसाठी ती बाबांची 'एन्हान्स्ड'. हिच्या दुसऱ्या पायरीवर तर २ टक्क्यांचंच सर्किट. हिशोब करा: १०० चा शेअर ६७ व्हायचा असेल तर २ टक्क्यांच्या चालीनं वीस दिवस लागतात. पडायचा तो पडतोच. फक्त एका झटक्याऐवजी महिनाभर पडतो, आणि तो महिना तुम्ही आत असता.

सरकारी कंपन्या या शेवटच्या यादीतून वगळलेल्या आहेत. ज्यांच्यावर फ्युचर्स-ऑप्शन्स चालतात त्या मोठ्या कंपन्याही. मोठ्यांना तर असं ठरावीक सर्किटच नाही. सीमा गाठली की थोड्या वेळात ती पुढे सरकवली जाते. मोठ्या शेअरचा भाव कोसळला तर त्याला 'प्राइस डिस्कव्हरी' म्हणायचं, लहान कंपनीचा कोसळला तर 'असामान्य हालचाल'.

सगळ्यात गमतीची गोष्ट म्हणजे या याद्यांच्या परिपत्रकांतला खुलासा. त्यात एक्सचेंज सांगतं की ही निवड निव्वळ बाजारावरच्या देखरेखीपोटी आहे, ही कंपनीविरुद्धची कारवाई समजू नये. बरं, मग शिक्षा कुणाला झाली? कंपनीला नाही, मालकाला नाही. भाव फुगवणाऱ्याला तर नाहीच, कारण तो अजून सापडायचाय. शिक्षा झाली ती शेअर हातात धरून बसलेल्याला, आणि त्याच्यावर तर आरोपसुद्धा नाही.

२०१७ चा ऑगस्ट आठवतो का? तुमच्यातले बरेच जण तेव्हा कॉलेजात किंवा शाळेत असतील, म्हणून सांगते. ७ ऑगस्टला सेबीनं एक्सचेंजेसना ३३१ कंपन्यांची यादी पाठवली. या 'संशयित शेल कंपन्या', यांचे व्यवहार गोठवा. दुसऱ्या दिवसापासून हे शेअर महिन्यातून एकदा, पहिल्या सोमवारी, तेही २०० टक्के जादा ठेव भरून. यादीत जे. कुमार इन्फ्राप्रोजेक्ट्स होती, मुंबई मेट्रो-३ च्या बोगद्यांची कामं घेतलेली कंपनी. म्हणजे जिची यंत्रं मुंबईच्या पोटात भोक पाडत होती, ती कागदावर पोकळ ठरली. कंपनी आणि तिच्यासोबत प्रकाश इंडस्ट्रीज रोखे अपिलीय लवादाकडे धावल्या. १० ऑगस्टला लवादानं दोघींबाबत आदेशाला स्थगिती दिली. तपास न करताच आदेश काढल्याबद्दल ताशेरे मारले. तीन दिवस. वकील होते म्हणून तीन दिवसांत सुटल्या. ज्या कंपन्यांच्या भागधारकांमागे असा वकील नव्हता त्यांनी काय करायचं? पुढच्या पहिल्या सोमवारची वाट बघायची.

या सगळ्याच्या बाजूनं जो युक्तिवाद होतो तो मी प्रामाणिकपणे मांडते. एक: सर्किटमुळे घाबरलेल्या माणसाला विचार करायला वेळ मिळतो. दोन: ऑपरेटरला एका दिवसात माल ओतून पळता येत नाही. तीन: नवा माणूस आत शिरण्यापासून वाचतो.

तिसरा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. पहिले दोन तपासून बघू. लोअर सर्किटवर सगळ्यांचा भाव एकच असतो. मग आधी कुणाचा नंबर लागतो? ज्याची ऑर्डर आधी पोचली त्याचा. किंमत सारखी, वेळ पहिली. म्हणजे ज्याला काल रात्रीच कळलंय, ज्याच्याकडे वेगवान यंत्रणा आहे, ज्याचा ब्रोकर पहिल्या क्षणाला ऑर्डर सोडतो, तो रांगेत पुढे. बाबा पावणेनऊला बसून रांगेत हजारो शेअरच्या मागे. विचार करायला वेळ मिळाला खरा, पण तो मिळाला आतल्या गोटातल्यांना. बाबांना मिळाली ती नुसती चौदा दिवसांची ॲसिडिटी.

'मग पर्याय काय?' हा प्रश्न विचारणाऱ्यांना सेबीनंच एक झकास उत्तर दिलंय. एल्सिड इन्व्हेस्टमेंट्स. मुंबईची कंपनी, एशियन पेंट्सच्या प्रवर्तकांपैकी एक. एकूण शेअर फक्त दोन लाख, त्यातले तीन चतुर्थांश प्रवर्तकांकडे. पोटात एशियन पेंट्सचे इतके शेअर, की पुस्तकी मूल्य शेअरमागे काही लाख रुपये. आणि बाजारातला भाव? ३ रुपये ५३ पैसे. म्हणजे एक कटिंगसुद्धा येणार नाही. कुणीही शहाणा माणूस हा शेअर तीन रुपयांना विकणार नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं व्यवहारच जवळजवळ ठप्प. आणि सर्किटमुळे भाव एका दिवसात लाखांवर जाऊ शकत नाही. बाजार होता, शेअर होता, घेणारे होते, फक्त खरा भाव उच्चारायला बंदी होती. जून २०२४ मध्ये सेबीनं परिपत्रक काढलं: अशा होल्डिंग कंपन्यांसाठी एकदा सर्किटविना खास लिलाव घ्या. २९ ऑक्टोबर २०२४ ला तो झाला. साडेतीन रुपयांचा शेअर त्या सकाळी २ लाख २५ हजारांवर उघडला आणि २ लाख ३६ हजार २५० वर बंद झाला. बातम्यांत त्याला भारतातला सगळ्यात महाग शेअर म्हणून मिरवलं गेलं, 'एका दिवसात लखपती' वगैरे रील निघाली. खरी बातमी कुणी दिलीच नाही. एका सकाळी सर्किट काढलं तर भाव आपल्या जागी जाऊन बसतो, हे नियामकानं स्वतःच सिद्ध केलं होतं.

वर जाण्यासाठी हा लिलाव चालतो, तर खाली येण्यासाठी का नाही? कंपनी यादीत टाकायची त्या दिवशी सकाळी एक तास सर्किटविना लिलाव घ्या. ज्याला घ्यायचंय तो घेईल, ज्याला सुटायचंय तो सुटेल, भाव १३० असेल तर १३० निघेल. त्यानंतर लावा काय ती कुलपं. बाबांना १३० मिळाले असते तर त्यांनी कुरकुर करत घेतले असते आणि त्याच संध्याकाळी बिल्डरचा आरटीजीएस केला असता. आम्ही जे साडेतीन लाखांचं पर्सनल लोन काढलं ते सुमारे ऐंशी हजारांनी कमी काढावं लागलं असतं.

दुसरं औषधही सेबीच्याच कपाटात आहे. २०१२ मध्ये लहान उद्योगांसाठी एसएमई मंच सुरू झाले, तिथे नोंदणीनंतर तीन वर्षं 'मार्केट मेकर' सक्तीचा आहे. म्हणजे रोज घेण्याचा आणि विकण्याचा, दोन्ही भाव जाहीर करून बसणारा बांधील दुकानदार. त्या मंचाची इतर लक्षणं फार चांगली नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्लीतल्या दोन दुचाकी शोरूमवाल्या कंपनीनं १२ कोटी मागितले आणि लोकांनी ४,००० कोटींहून जास्तीच्या बोली लावल्या, तो तमाशा इथलाच. पण दुकानदाराची कल्पना चांगली आहे. मुख्य बाजारातल्या ३०० कोटींच्या कंपनीला असा दुकानदार सक्तीचा का नाही? नव्वदच्या दशकात ओटीसी एक्सचेंज याच कल्पनेवर उभं राहिलं होतं, तेही पुढे मिटलं. १९८२ साली सुरू झालेलं पुणे स्टॉक एक्सचेंज २०१५ मध्ये अधिकृतपणे बंद झालं. प्रादेशिक बाजार मेले त्याला कारणं होती, उलाढालच उरली नव्हती. पण जिथे स्थानिक कंपनीला ओळखणारे स्थानिक दलाल बसायचे ती जागाच गेली. ज्या कंपन्या फक्त अशाच बाजारांत नोंदलेल्या होत्या त्या 'डिसेमिनेशन बोर्ड' नावाच्या फलकावर गेल्या. कित्येकांच्या घरी ते शेअर अजून आहेत, कपाटात, सत्यनारायणाच्या पोथीशेजारी.

एवढं सगळं छोट्या माणसाच्या काळजीपोटी चाललंय म्हणावं, तर मोठ्या पैशाला त्याच डबक्यात ढकलण्याचं कामही नियमच करतात. ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकानं ठरवलं की बाजारमूल्यात २५१ वी आणि पुढची कंपनी म्हणजे स्मॉल-कॅप, आणि स्मॉल-कॅप फंडानं किमान ६५ टक्के पैसा तिथेच ठेवायचा. ११ सप्टेंबर २०२० च्या शुक्रवारी हुकूम आला की मल्टी-कॅप फंडांनीही किमान २५ टक्के स्मॉल-कॅपमध्ये ठेवावेत. सोमवारी स्मॉल-कॅप निर्देशांक उसळले. ती हालचाल कुठल्या यादीत गेली? तुमचा-माझा एसआयपी दर महिन्याला या पाइपातून त्याच पातळ शेअरमध्ये ओतला जातो. मग मार्च २०२४ मध्ये सेबीच्या तत्कालीन अध्यक्षा माधबी पुरी बुच म्हणाल्या की या भागात फेस आलाय, आणि दोनच दिवसांनी स्मॉल-कॅप निर्देशांक एका दिवसात सुमारे ५ टक्के आपटला. त्याच महिन्यात फंडांना सांगावं लागलं की अर्धा पोर्टफोलिओ विकायला किती दिवस लागतील. एका मोठ्या स्मॉल-कॅप फंडाचं उत्तर होतं ६० दिवस. तेही सगळ्यात न खपणारा २० टक्के माल हिशोबातून बाजूला ठेवून. आणि तुमचं रिडेम्प्शन किती दिवसांत मिळेल असं ॲपवर लिहिलेलं असतं? तीन-चार.

ही चाचणी जाहीर करायला लावली, याचं श्रेय सेबीला द्यायला हवं. मी ते देते. हीच पट्टी थेट शेअर घेणाऱ्याच्या ॲपवरही दाखवा ना. 'तुमचे ३,२०० शेअर कालच्या उलाढालीनं विकायला अंदाजे अकरा दिवस' एवढी एक ओळ. घेतानाच दिसली असती तर बाबांनी कदाचित हजारच घेतले असते. इशाऱ्याचं चिन्ह आज लागतं ते भाव चढून गेल्यावर, म्हणजे माणूस आत गेल्यावर.

कोलशेतला परत येते. या रस्त्यावरची टॉवरांची रांग ज्या जमिनींवर उभी आहे त्यांतल्या काही एकेकाळी शेअरबाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या ताळेबंदात होत्या. बायरची जमीन होती, क्लॅरियंटची होती. क्लॅरियंटनं इथली ८७ एकरांची जागा २०१४ मध्ये साडेअकराशे कोटींच्या आसपास विकली. तोवर ती जमीन त्या कंपनीच्या प्रत्येक शेअरमध्ये चिमूट-चिमूट वाटलेली होती. म्हणजे ठाण्यातल्या कुणा कारकुनाला फ्लॅट परवडत नसेल, पण पन्नास शेअर घेऊन कोलशेतच्या मातीत वाटा घेता येत होता. लहान शेअरचं खरं मोल हे आहे. ऑपरेटरच्या भीतीनं तो दरवाजा असा बंद-उघड करत राहिलं, तर बाबांसारखी माणसं एसआयपी आणि सोनं एवढ्यावरच राहतील, आणि कारखान्याचा माल ओळखणारा माणूस बाजारातून निघून गेलेला असेल. मागे उरतील रीलवाले.

आठ-नऊ महिन्यांनी ती कंपनी यादीतून बाहेर आली. सर्किट पुन्हा २० टक्के. मी बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, तिमाहीचे आकडे उघडले, खाली-वर सरकवले.

"विक्री तेवढीच आहे," ते म्हणाले. "नफा तेवढाच. माणसंही तीच. मग आता ह्यांनी बाहेर कशाला काढलं? आणि तेव्हा आत कशाला घातलं होतं?"

मी परिपत्रक शोधायला लागले. त्यात कारणाचा रकाना नव्हता.